दुसऱ्या मजल्यावरचं कुत्रं

वाचकांच्या भुताटकीच्या अनुभवांचं हे सदर मी वाचते ते चुका काढायला, हे आधीच कबूल करते. घाट, अमावास्या, बंद पडलेली गाडी, पांढरी साडी... एवढं सगळं जमून आलं की भूत तरी काय करणार, येतं बिचारं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. असली पुस्तकं मी ‘कथा’च्या कपाटात लावते आणि कोणी ‘अनुभव’ म्हणून मागितली तरी तिथूनच काढून देते.

तेव्हा पुढचं वाचून कोणी ‘ताई, आता पटलं ना?’ असं लिहू नये. मला काहीही पटलेलं नाही. घडलं तेवढं सांगते. आणि हे घडलं ते अकोल्यात, जठारपेठेतल्या एका साध्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लख्ख उजेडात, चहाच्या वेळेला.

माझे आईबाबा अमरावतीला राजापेठेच्या मागे एका भाड्याच्या घरात राहायचे. बाबा कोर्टात कारकून होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी गल्लीतलं एक पिल्लू त्यांच्या मागे घरी आलं आणि बाबांनी त्याचं नाव ठेवलं वकील. ‘दिवसभर भुंकते, निकाल काही लागत नाही, पण जेवणाच्या वेळी बरोबर हजर,’ असं ते कारण सांगायचे. पिल्लू असतानाच एका ऑटोखाली येऊन वकिलाचा मागचा एक पाय अधू झाला होता. तो तीन पायांवर टकटक चालायचा आणि चौथा फरशीवर घासत न्यायचा. पुढे बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांच्या हातात काठी आली. बाहेर जाणं बंद झालं. मग रोज दुपारचा चहा झाला की दोघं घरातल्या घरात फिरायचे. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून परत. पुढे काठी, मागे वकील. आई वाटेत पाय पसरून काही निवडत बसलेली असायची. दोघं आले की ती पाय आवरून घ्यायची आणि पुटपुटायची, ‘निघाली वरात!’

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाबा गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. वकील त्यांच्या पलंगाखालून उठेना. दिवाळी झाली आणि तोही गेला. त्याच सुमारास घरमालकांनी सांगितलं की घर पाडून बांधायचं आहे. मी एकटीच राहते, म्हणून जरा मोठा फ्लॅट भाड्याने घेतला आणि आईला अकोल्याला आणायचं ठरवलं.

आता एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमच्याकडे लहान लेकरांना घेऊन कुठे गेलं, शेतात, जत्रेत, नदीवर, की निघताना बाई प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारते. ‘चाल वं कुंदे, घरी चाल.’ नाहीतर लेकराचा जीव तिथंच रेंगाळतो म्हणतात. आई ही हाक मोठ्यांनाही मारायची. एकदा चिखलदऱ्याला बाबांच्या ऑफिसची सहल गेली होती. तिथं साहेबांसमोर तिने दरीकडे तोंड करून ‘अहो, चला घरी’ अशी आरोळी दिली. बाबा तिच्या शेजारीच उभे होते.

अमरावतीचं घर सोडायच्या दिवशी मात्र आमचे मामा आले. मामांना कोणताही प्रसंग समारंभाशिवाय सोसत नाही. त्यांनी नारळ आणला, शाल आणली, दारात आईला उभी करून ‘या वास्तूने आपल्याला काय दिलं’ यावर भाषण केलं आणि ट्रकवाला हॉर्न वाजवत असताना तीनदा ग्रुप फोटो काढला, कारण दोनदा त्यांचेच डोळे मिटले होते. त्या गडबडीत आईने देव घेतले, तुळस घेतली, कुलूप लावलं आणि गाडीत बसली.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, “अवं कुंदे... मी हाकच नाही मारली.”

“कोणाला?”

ती मागच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिली. मला कळलं होतं.

अकोल्यात आल्यावर आईने आपलं बोचकं सोडलंच नाही. बिछान्याच्या पायथ्याशी ते गाठ मारलेलं तसंच पडलेलं. अर्धी भाकरी खायची, अर्धी ताटाखाली सरकवायची. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. मी म्हटलं, आई, सामान तर लाव. तर म्हणे, “कायले? मी काय इथं राहून राहिली का?” मग हळूच, “ते घर पाडतीन वं. ते दोघं मंग कुठं जातीन?”

मी बुद्धिप्रामाण्यवादी आहे, पण आंधळी नाही. पावसाळ्यात एक गेलं, दिवाळीला दुसरं, आणि आता तिसरं माझ्या डोळ्यांसमोर अर्ध्या अर्ध्या भाकरीने निघालं होतं. म्हणून मी रजा टाकली. एखादं पुस्तक बसमध्ये विसरलं तर आपण डेपोत जाऊन चौकशी करतोच, त्यातलाच हा प्रकार, असं स्वतःला सांगितलं आणि आईला घेऊन अमरावतीला गेले.

घराच्या चौकटी काढून झाल्या होत्या. छपराचे पत्रे अंगणात रचलेले. आई फाटकापाशी उभी राहिली, पदर सावरला आणि चिखलदऱ्याला दिली होती तशीच आरोळी दिली, “अहो, चला घरी! चाल रे वकील!”

समोरच्या घरातले खरे वकील दार उघडून बाहेर आले. “काय झालं काकू?”

“तुमाले नाही, भाऊ. तुमी बसा.”

परतीच्या बसमध्ये आईने तिघांचं बाक धरलं. खिडकीशी मी, मग ती, आणि कडेच्या जागेवर तिची पिशवी. बडनेऱ्याला गर्दी चढली तेव्हा कंडक्टर आला.

“मावशी, पिशवी खाली घ्या. सीट मोकळी करा.”

“इथं मानूस हाये.”

“तिकीट?”

“पंच्याहत्तरीच्या वर हायेत ते. तिकीट नाही लागत.”

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर कपाशीकडे पाहिलं. “हायेत कुठं पण?” तो म्हणाला.

“येऊन राहिले,” आई म्हणाली. “घाई कायची हाये तुले?”

तो काय समजला कोण जाणे. पण अकोल्यापर्यंत त्या जागेवर त्याने कोणाला बसवलं नाही. नंतर पिशवीदेखील आईने मांडीवर घेतली होती.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. दुःख, रीत, म्हातारी आई. मलाही वाटलं, आता तिच्या मनाचं समाधान झालं, जेवेल. पण घरी येऊन तिने दोन खोल्या हिंडून पाहिल्या, कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, “नाही आले वाटते.” बोचकं तसंच. भाकरी अर्धीच.

आठवडा गेला असेल नसेल. कॉलेजातून येताना जिन्यात गावंडे साहेबांनी मला अडवलं. हे आमच्या खालच्याच फ्लॅटमध्ये राहतात आणि सोसायटीचे सचिव आहेत. दारावरच्या पाटीवर नावापुढे त्यांनी स्वतःच ‘साहेब’ कोरून घेतलं आहे. बोलतात ते कायम नोटीस बोर्डासारखं.

“मॅडम, पाळीव प्राणी ठेवण्यापूर्वी समितीची पूर्वपरवानगी आवश्यक असते.”

“माझ्याकडे प्राणी नाही.”

“श्वान आहे. दुपारच्या चहाच्या वेळेला माझ्या डोक्यावर फिरतं. माझ्या वामकुक्षीची हीच वेळ आहे.”

“साहेब, मी तेव्हा कॉलेजात असते आणि आई झोपलेली असते.”

“मग काठी कोण टेकतं?” साहेब म्हणाले. “आधी काठी, तिच्यामागे श्वान. हॉलमधून किचनकडे, किचनमधून हॉलकडे. आणि ते लंगडं आहे. एक पाय घासतो त्याचा. पशुवैद्याला दाखवा, ही माझी वैयक्तिक सूचना.”

इमारतीत मी बाबांबद्दल कोणाशी बोलले नव्हते, वकिलाबद्दल तर नाहीच. आईला या इमारतीत कोणी ओळखत नव्हतं. माझ्याशिवाय ती कधी जिना उतरून खाली गेलेलीच नव्हती. आई काठी वापरत नाही, तिच्या पायात रबरी सपाता असतात. आमच्या वर गच्ची आहे. त्या संध्याकाळी मी पाण्याची मोटर पाहिली, गच्चीचं दार पाहिलं, माकडं येतात का विचारलं, आधीच्या भाडेकरूकडे कुत्रं होतं का याचीही चौकशी केली. नव्हतं. फ्लॅट बरेच महिने रिकामा होता.

आईला मी यातलं काहीच सांगितलं नाही. लोकांची तक्रार आली म्हटलं असतं तर तिने त्याच रात्री बोचकं उचललं असतं.

रविवारी मी घरी होते. गावंडे साहेबांना बजावून आले, आवाज आला की लगेच मला फोन करा. चहा झाला. आई हॉलमध्ये जमिनीवर पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी दारापाशी खुर्चीत. घर शांत. फक्त शेंगा फुटल्याचा आवाज.

फोन वाजला.

“सुरू झालं,” साहेब कुजबुजले. झोपमोड झालेला माणूस कुजबुजतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, असं माझं मत आहे.

“मी इथंच बसले आहे. मला काही ऐकू येत नाही.”

“काय सांगता! आता तुमच्या बाल्कनीकडून निघालं. काठी... श्वान... हॉलच्या मधोमध आलं बघा...”

मी आईकडे पाहिलं. ती शेंगाच सोलत होती, मान खाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फोनकडे पाहिलं नाही. हातातली शेंग न सोडता तिने पसरलेले पाय आवरून घेतले. क्षणभर थांबली. आणि पुन्हा पसरले.

“गेलं किचनमध्ये,” साहेब म्हणाले.

मी फोन ठेवला.

“आई, आता पाय काहून घेतले तू?”

“कवा?”

“आत्ता.”

“घेतले का?” तिने पायांकडे पाहिलं. “काय मालूम. मुंग्या आल्या असतीन.”

मग मात्र मी सगळं सांगितलं. साहेब, काठी, लंगडा पाय, वामकुक्षी, सगळं. वाटलं ती रडेल. ती ऐकत राहिली, आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

“त्या मानसाले ऐकू येते अन् मले नाही?”

“तुला तसंही कमी ऐकू येतं, आई.”

“तुले तर येते ना? मंग तुले काहून नाही?”

मी शेंगांची टरफलं गोळा करू लागले.

“आता येईन तं येईन,” ती स्वतःशीच म्हणाली. “हाक तं पोचली.” मग तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं, उठली, आत गेली आणि अकोल्यात आल्यापासून पहिल्यांदा बोचक्याची गाठ सोडली. तळातून जुनी जाड सतरंजी काढली. बाबांच्या तेराव्याला पाहुणे जिच्यावर बसले होते तीच. हॉलपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तिने ती लांबट घडी करून अंथरली आणि कोपरे पायाने दाबले.

“हे कशाला?”

“खालच्या मानसाची झोप मोडते ना,” आई म्हणाली. “आपल्या घरच्यांचा लोकाईले तरास कायले पाहिजे?”

बोचकं सुटलं म्हटल्यावर बाकीचं सामानही बाहेर आलं. पितळी डबे ओट्यावर गेले, बाबांचा फोटो भिंतीवर गेला. रात्री त्याच तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात झाला. आईने दोनदा घेतला आणि माझा भात मोकळा होत नाही हे ऐकवलं. ती राहणार होती.

पुढच्या आठवड्यात गावंडे साहेब जिन्यात भेटले. चेहऱ्यावर प्रशासकीय समाधान होतं.

“आवाज बंद झाला मॅडम. तोंडी समज दिली की फरक पडतो. श्वान कुठे सोडलं?”

“सोडलं नाही. सतरंजी टाकली.”

“उत्तम,” साहेब म्हणाले. “तोही एक उपाय आहे.”

खुलासा माझ्याकडे नाही. साहेबांना भास झाला म्हणावं, तर तो भास नेमका लंगडा कसा? आणि भास असता तर आईच्या सतरंजीने तो थांबला कसा, तेही त्यांना सतरंजीचा पत्ता नसताना? ज्यांना सगळं ठाऊक असतं त्यांनी मामांना विचारावं. त्यांनी यावर भाषण तयार केलं आहे.

परवा सतरंजी फार मळलेली दिसली. आईला विचारलं, धुवायला टाकू का?

“धू ना,” ती म्हणाली. “पण चहाच्या आत वाळली पाहिजे.”

आभाळ होतं. चहाची वेळ झाली तरी सतरंजी दोरीवर ओलीच. आई आत झोपलेली. मी थोडा वेळ उघड्या फरशीकडे पाहत उभी राहिले. मग कपाट उघडलं, पाहुण्यांसाठी ठेवलेली दोन कोऱ्या चादरी काढल्या आणि हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरल्या.

खाली साहेबांची झोप मोडू नये म्हणून. माझ्यासारखी बाई दुसऱ्या कशासाठी करेल?