बोअरला लागलेलं पाणी

अर्धांगवायूनंतर माझ्या नवऱ्याकडे एकच शब्द उरला होता, 'व्हय'. भालकीचा उन्हाळा त्यांना सोसेना, म्हणून मुलाने गुलबर्ग्यात आतून गार राहणाऱ्या एका इमारतीत सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आम्हाला तिथे ठेवून तो हैदराबादला नोकरीवर गेला.

त्या इमारतीत कुठल्याच भिंतीवर एसी नव्हता. आवाराखाली खोलवर नळ्या पुरलेल्या होत्या. त्यांतून फिरणारं पाणी सगळ्या घरांतली उष्णता जमिनीत सोडायचं आणि गार होऊन वर यायचं. मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण पहिल्या उन्हाळ्यात भर दुपारी हे शांत झोपायचे, पडून पडून झालेल्या पाठीवरच्या जखमा सुकत चालल्या होत्या.

यंदा पाण्याचे हाल झाले. टँकर कधी यायचा, कधी नाही. सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे, आवारात बोअर पाडू म्हणाले. बैठकीत मी विचारलं, "अण्णा, खाली नळ्या हायती की. फुटल्या तर?"

"त्या पार्किंगखाली हायती, अक्का. हिकडं काई न्हाई."

"बिल्डरला इचारलाव का?"

"फोनच उचलंना की त्यो. लेकरं तहानंली हायती, किती दिस थांबायचं?"

माझ्याही घरात पाणी नव्हतंच. मी खाली बसले.

बोअरची गाडी आली तेव्हा मी ह्यांना पेज भरवत होते. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. बराच वेळ धुरळाच उडत होता, मग एकदम फवारा उडाला. "लागलं! पाणी लागलं!" बायका घागरी घेऊन धावल्या, कुणीतरी नारळ फोडला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू! ह्यांना म्हणाले, "पाणी लागलंय हो." ते हसले.

थोड्याच वेळात फवारा बसला. घागरींतल्या पाण्याला गंजका वास येत होता. आणि आमच्या खोलीतल्या जाळीतून येणारा गार वारा हळूहळू कोमट झाला. लागलेलं पाणी जमिनीचं नव्हतंच, नळ्यांमधलं होतं.

नळ्यांतलं पाणी फिरवणाऱ्या मशीनवाल्यांना फोन केला. "कुठं फुटलंय ते आधी शोधावं लागंल, मग खोदावं लागंल," एवढंच म्हणाले. कधी, ते काही सांगेनात. खिडक्या मोठ्या, पण उघडायच्या वीतभरच. कूलर आणला, त्यात घालायला पाणी कुठलं? टँकरच्या बादलीत पंचा भिजवून मी ह्यांच्या अंगावर टाकायची, तो बघता बघता वाळून जायचा.

"उकडायलंय का हो?"

"व्हय."

"आता गार वाटायलंय का?"

"व्हय."

काय समजायचं मी? त्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले असायचे.

तापाने अंग भाजायला लागलं तेव्हा दवाखान्यात नेलं. ताप उतरला, पण तो एक शब्दही गेला. अण्णा भेटायला आले. खाटेजवळ उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. "अक्का, मला वाटलं पाणीच लागलं," म्हणाले आणि रडायला लागले. त्यांची म्हातारी आईही इमारतीत आमच्या वरच्या मजल्यावर तशीच उकाड्याने तळमळत होती. त्यांच्यावर रागवायचं तरी कसं? मीच त्यांना पाणी दिलं.

दवाखान्यातून आम्ही भालकीला दिरांच्या घरी आलो. खोली बैठी आहे, वरच्या पत्र्यावर ओली पोती टाकतो.

परवा मुलाचा फोन आला. "आई, मशीन चालू झालंय. घर एकदम गार झालंय. कधी यायलाव?"

डॉक्टर आता ह्यांना हलवू नका म्हणतात. एवढ्या लांबच्या रस्त्यावरचे धक्के त्यांना सोसणार नाहीत. मुलाला हे सांगायला तोंड उघडलं, पण त्याचा आवाज इतका खुशीत होता, की नुसतं "बघू" म्हणाले. जाऊबाई दारात येऊन उभ्या होत्या. ह्यांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. मी फोन ठेवला आणि खांद्याकडून धरलं, जाऊबाईंनी पाय धरले.