कालिंदीचा पासपोर्ट

कुळगावात पद्मजाकाकूंना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. भिशी असो, हळदीकुंकू असो, कुणाच्या बाळंतिणीचे डिंकाचे लाडू असोत, काकू पदर खोचून हजर. रागीट म्हणून मात्र त्यांना कुणी ओळखत नव्हतं. अहो, ओळखणार कसं? उभ्या संसारात त्या बाईने आलेला राग पोळीसारखा लाटून लाटून पातळ केला आणि मुकाट गिळला. तो बाहेर पडला एका बोटीपायी.

त्यांची लेक राजसी ठाण्याला नोकरीला. बढती मिळाली तशी म्हणाली, तुम्हा दोघांना क्रूझवर पाठवते. काकूंनी समुद्र पाहिला होता तो अलिबागच्या वाळूत, साडी घोट्याच्या वर उचलून धरत. सिंगापूरहून सुटणारी बोट त्यांनी लेकीच्या मोबाइलवर पाहिली आणि ठरवून टाकलं, जायचं तर हिच्यावर.

काकूंच्या नवऱ्याचं, म्हणजे देवदत्तरावांचं, ठरलं गोव्याच्या बोटीचं. ते अंबरनाथच्या एका कारखान्यातले निवृत्त अधिकारी. कंपनीने जर्मनीला धाडलं तेव्हापासून पासपोर्टवाले. पुढे एकदा कंपनीने जपानला जोडप्याने बोलावलं, तेव्हा हे एकटे गेले. बायकोला पासपोर्ट नाही म्हणून नेता येत नाही, आणि तिला कुठे जायचंच नाही म्हणून पासपोर्ट नाही! आहे की नाही शहाणपण? आताही तेच. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या बोटीला आधार कार्ड पुरतं, मग पासपोर्टचा ताप हवाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. राजसी म्हणाली, एकदा काढला की दहा वर्षं बघायला नको. तिने आईला रिक्षात घातलं आणि उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात नेलं. देवदत्तरावही सोबत गेले, कारण आपल्यावाचून कुणाचं काही होतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तिथे चंदर नावाचा एक सिंधी पासपोर्टची कामं करून द्यायचा. त्याने शाळेचा दाखला पाहिला, त्यावर कालिंदी. आधार पाहिलं, त्यावर पद्मजा. लग्न कुठे नोंदवलेलंच नव्हतं. चष्मा वर करून तो देवदत्तरावांना म्हणाला, "साहेब, दो नाम नहीं चलेगा. कौनसा रखना है?"

साहेबांना विचारलं बघा! जिचं नाव, ती बाजूच्याच खुर्चीत बसलेली.

लग्नातही असंच झालं होतं. सासूबाई भर मांडवात म्हणाल्या होत्या, आधीच सावळी, त्यात नाव कालिंदी, ते आधी बदला. बायका खळखळून हसल्या. देवदत्तरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीने पद्मजा असं लिहिलं आणि पेढे वाटले गेले. बापाने हौसेने ठेवलेलं नाव घासभर तांदळात पुरलं, आणि तो बाप मांडवात हात जोडून उभा होता. काकूंना ते हसणं अजून ऐकू यायचं.

"पद्मजाच. त्यात विचारायचं काय?" देवदत्तराव म्हणाले. चंदरने समजावलं की कुठलंही ठेवा, ते सरकारी गॅझेटात छापून आणावं लागेल, वेळ जाईल. हे ऐकताच साहेब उठले. झालं, गोव्यालाच जाऊ.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "नाव माझं आहे. कालिंदी लिहा हो."

देवदत्तराव म्हणाले, अख्खं जग तुला पद्मजा म्हणतं. काकू म्हणाल्या, जगाला तुम्ही म्हणायला लावलंत, आता मी वेगळं सांगेन.

आणि सांगितलंही. गॅझेट झालं, आधार बदललं, पासपोर्टचा अर्ज गेला. भिशीच्या बायका आधी तोंडावर पदर घेऊन हसल्या, मग त्यांच्या जिभेला वळण लागलं. दारावरच्या भाजीवालीने तर दुसऱ्याच दिवशी कालिंदीताई म्हणून हाक दिली. काकूंना सिंगापूर हवं होतं हे खरं, पण त्याहून हवं होतं ते एवढंच, की ज्याने नाव पुसलं त्याने ते एकदा तोंडाने घ्यावं. देवदत्तरावांची मात्र त्या एका नावापुरती दातखीळ बसली. या वयात कसलं बारसं, म्हणत ते फणफणायचे. वर हा माझ्या मेलेल्या आईचा अपमान! काकू भांडी आदळायच्या. जिवंत बायकोचा झाला त्याचं काय?

पोलीस चौकशी व्हायची होती, तोवर एका संध्याकाळी देवदत्तरावांनी टेबलावर तिकिटं टाकली. गोव्याची बोट, येत्या शुक्रवारी. पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा आता नाटकं पुरे. राजसीने तिकीट उचललं. देवदत्त आणि पद्मजा. अहो, आधारवरच कालिंदी झाल्यावर पद्मजाला बोटीवर चढवणार कोण?

राजसीने बोटवाल्यांचा नंबर लावून दिला. सुटायच्या आधी ते नाव दुरुस्त करून देतात, बाबांनी फक्त सांगायचं. फोन देवदत्तरावांच्या हातात. पलीकडून बाई विचारत होती, सर, करेक्ट नाव काय? काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. त्या क्षणी त्या गोव्यालाही जायला तयार होत्या.

देवदत्तरावांनी फोन बंद केला. "माझ्या बायकोचं नाव पद्मजा आहे," ते म्हणाले.

"मग तिलाच घेऊन जा," कालिंदीबाई म्हणाल्या.

शुक्रवारी देवदत्तराव एकटेच बॅग घेऊन निघाले. उंबऱ्यात थांबून त्यांनी सवयीने हाक मारली, "अगं, ऐकतेस का?"

आतून कुणी ओ दिली नाही.