न गेलेल्या कॉलेजची फी

बारावीनंतर मला नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या तालुक्याच्या, परतूरच्या बँकेने शैक्षणिक कर्ज मंजूर केलं आणि पहिल्या वर्षाची फी थेट कॉलेजच्या खात्यावर पाठवली. आमच्या हाताला त्यातला रुपयाही लागला नाही, पेढे मात्र आम्ही गावभर वाटले.

निघायला थोडे दिवस उरले असताना माय ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली. खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला ऑपरेशन झालं आणि ती अंथरुणाला खिळली. भाऊ शाळेत, दादा, म्हणजे माझे वडील, शेतात. मला जा म्हणणारं कुणी नव्हतं, राहा म्हणणारंही. मी राहिले.

दादांनी कॉलेजला फोन करून सांगितलं, पोरगी येत नाही. पलीकडून कुणीतरी "बरं" म्हणालं. दादांच्या लेखी विषय संपला. आमच्याकडे बैलाचा सौदा होतो, सोयरीक जुळते नि मोडते, ती अशीच शब्दावर. त्यासाठी कागद कोण करतं?

पुढच्या उन्हाळ्यात बँकेची नोटीस आली. कॉलेजने कळवलं होतं की मी दिवाळीपर्यंत शिकले आणि मध्येच सोडून गेले, म्हणून फी परत मिळणार नाही. बँक म्हणत होती, शिक्षण सोडलं, तर हप्ते सुरू करा. तोवर माय काठी टेकत चालू लागली होती आणि मी जालन्याला बी.ए.ला नाव घालायचं म्हणत होते. दादांनी नोटिशीची घडी करून खिशात घातली.

"हे मिटंस्तोर कॉलेजचं नाव न्हाई काढायचं," एवढंच बोलले. ओरडले असते तर मी भांडले असते.

आम्ही बँकेत गेलो. कर्जाचं काम पाहणाऱ्या मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही तिकडे गेलाच नाहीत, याचा काहीतरी पुरावा आणा."

न गेल्याचा दाखला कोण देतं, हे मला सुचेना. दादांना तो प्रश्नच पडला नाही. पुरावा म्हणजे साक्षीदार. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी आमच्या गावच्या मजूर बायांची अख्खी टोळी बँकेत आणली. त्या हंगामात मी याच बायांबरोबर कापूस वेचायला जात होते. मी लाजेने भिंतीला लागून उभी राहिले.

"एवढ्या जणी कशाला आणल्या?" मॅडमनी विचारलं.

"एकीवर इश्वास न्हाई बसला तर?" दादा म्हणाले.

टोळीतली थोरली काकू पुढे झाली. "बाई, ही पोरगी दसऱ्यापासून आमच्यासंगं कापसात होती. आन् खरं सांगते, सगळ्यात कमी येचायची."

"बोलायची मातर सगळ्यात जास्त," दुसरी म्हणाली. "नाशकाला गेली असती तर आमचे कान तरी वाचले असते!"

मॅडमना हसू आलं. मग सावरून म्हणाल्या, "मावशी, बँकेत नुसतं तोंडी चालत नाही."

"मंग आम्ही काय लबाड बोलून राह्यलो का? आर्धा रोज मोडून आलो."

तेवढ्यात कडेवर तान्हं घेतलेली वहिनी टेबलाशी आली. "हे पोर तवा पोटात होतं," म्हणाली आणि मोबाईलमधले डोहाळेजेवणाचे फोटो दाखवू लागली. तिच्या डोक्यावर फुलांचा मुकुट आणि शेजारी ताट धरून मी. मॅडमनी फोटोची तारीख पाहिली. कॉलेजच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी मी नाशिकला वर्गात होते. मग दुसऱ्या एकीच्या मोबाईलमध्ये मी कापसाच्या ढिगावर बसलेली निघाले.

मॅडमनी फोटो मागून घेतले. प्रत्येकीचं म्हणणं लिहून खाली सह्या-अंगठे घेतले. "पैसे सुटतीलच असं मी सांगत नाही. पण कॉलेजला विचारते, हिची हजेरी दाखवा म्हणून."

"चांगलं ठणकावून इचारा," काकू म्हणाली.

त्या अर्ध्या रोजाचे पैसे दादांनी देऊ केले. एकीनेही घेतले नाहीत. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, असं लोक म्हणतात तेव्हा मला बँकेत दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या या बाया दिसतात.

कॉलेजला हजेरी दाखवता आली नाही. पत्रं गेली, आली, आणि अखेर फी बँकेत परत जमा झाली. व्याजाचं थोडं राहिलं होतं, ते दादांनी भरलं. बी.ए.चे प्रवेश बंद व्हायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते. बँकेतून बाहेर पडल्यावर दादांना त्याबद्दल विचारायची मला हिंमत होईना. मला वाटलं, आता गावाकडच्या रिक्षाला जायचं. ते स्टेशनकडे वळले.

तिकिटाच्या खिडकीशी वाकून त्यांनी विचारलं, "साहेब, जालन्याचा पास सालाचा मिळतो का?"

"महिन्याचा घ्या, न्हाईतर तीन महिन्यांचा. कुणाला पाहिजे?"

दादा बाजूला सरकले आणि मला खिडकीपुढे उभं केलं.

"हिला. कॉलेजला जाती."

माझा प्रवेश अजून झालेला नव्हता.