रायपूरची परीक्षा आणि भाचीचा पाय
जिल्ह्याच्या कबड्डी सामन्यांत पंचगिरी करताना तीच मैदानं, तेच भांडखोर कप्तान. यंदा मनाशी ठरवलं, राष्ट्रीय पॅनेलवर जायचंच. त्या परीक्षेचं केंद्र रायपूरला होतं. नवरा म्हणाला, "शिट्टी घरात कमी वाजून राहिली का तुझी?" मी बॅग भरली.

नागपूरहून सकाळची गाडी पकडा, म्हणजे दुपारी रायपूर. डोंगरगडला टेकडीवरचं मंदिर दिसलं की निम्मा डबा हात जोडतो. मीही जोडले, परीक्षार्थीनं कुणालाच नाराज करू नये. स्टेशनबाहेर ई-रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, नाहीतर उतरताना वाद होतो.

हॉटेल घेतलं नाही, कारण समता कॉलनीत माझी मामेबहीण सुनंदा राहते. तिचे मिस्टर रेल्वेत आहेत. मुलगी रुची कॉलेजात कबड्डी खेळते. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. "मौसी, चीला और लोगे?" तांदळाच्या पिठाचे ते गरम चीले टमाटरच्या चटणीबरोबर मी किती खाल्ले ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी पेपर झाला. तो बरा गेला म्हणून दुपारी सदर बाजार पाहिला. तिथे पायीच जा. दुचाक्यांच्या गर्दीत रिक्षा अडकते आणि आपणही. पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतली देवळं मात्र निवांत पाहता आली.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशीची, प्रत्यक्ष सामन्यात उभं राहण्याची. फलकावर माझ्या नावासमोर रुचीचा संघ होता. तडक परीक्षक बोरकर मॅडमकडे गेले. "मॅडम, त्या संघात माझी भाची आहे. मी तिच्याच घरी उतरली आहे."

मॅडम हसल्या. "बाई, इथं बाहेरगावचे पंच नेहमी कोणाच्या ना कोणाच्या घरीच उतरतात. नातं नसलेला सामना मी कुठून आणू? सांगितलं हे बरं केलं. आता उभ्या राहा, मी पाहून राहिली."

सामना बरोबरीत होता आणि शेवटची चढाई रुचीची. मैदानाच्या कडेला लॉबी नावाची पट्टी असते. कुणाला हात लागायच्या आधी चढाई करणारीचा पाय तिथे पडला, तर ती बाद. रुची कोपऱ्यातल्या मुलीला हात लावून परत आली, तिचा संघ नाचू लागला. पण हात लागण्याआधी तिची टाच लॉबीत पडलेली मी पाहिली होती. माझ्याशिवाय कुणी पाहिली नसावी. मी शिट्टी वाजवून तिला बाद दिलं. रुचीचा संघ हरला.

"मौसी, आप घर की होकर भी?" एवढंच बोलून ती निघून गेली.

संध्याकाळी जेवताना सुनंदाही फणकारली. "पोट्टीले एक गुण देला असता तं तुझं काय जात होतं?" मी ताटातला फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके, खात राहिले. निर्णय बरोबर होता याची खात्री होती, तरी फार वाईट वाटत होतं. सकाळी रुचीनं स्कूटीवरून स्टेशनला सोडलं, बॅग हातात दिली आणि लगेच गाडी वळवली. परतीच्या प्रवासात मी डोंगरगड पाहिलंच नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. पास! घरात पेढे वाटले, नवऱ्यानं दोन खाल्ले. रायपूरला फोन करायचा मात्र धीर झाला नाही. आणि पहिली नेमणूक आली ती नेमकी रायपूरच्याच स्पर्धेची. मी लगेच रायपूरच्या आयोजकांना कळवलं, माझी भाची खेळते ते सामने मला देऊ नका. पंचानं एवढं पाळलंच पाहिजे.

दोन दिवसांनी रुचीचा फोन. जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली.

"मावशी, माझ्या मॅचले काहून नाही म्हटलं तू? पाय बाहेरच होता माझा. मले तूच पायजे होती."