अन्नपूर्णेचे अभ्यंग आणि डबल बॉईल तेल

आमच्या घरचे देव एकदा ताम्हनाला चिकटून बसले होते, आणि त्यांना चिकटवणारा मीच होतो.

अंबरनाथ पश्चिमेला एका शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. रक्ततपासणीत माझे कोलेस्टेरॉल किंचित अधिक निघाले. मी तत्काळ संकल्प सोडला : या घरात तेल-तूप वर्ज्य! (रक्त माझे, संकल्प सर्वांचा!) वर्षभर आमच्याकडे पाण्याची फोडणी होत असे. पाण्यात मोहरी तडतडत नाही. ती केवळ पोहते.

फळ मिळाले ते मात्र माझी कन्या वसुधा हिला. तिचे लग्न महिन्यावर आले आणि तिच्या कपाळावर, गालांवर कोरडे पापुद्रे सुटू लागले. केसांचे पुंजके फणीत येऊ लागले.

"बाबा, अंतरपाट दूर झाल्यावर तो पळून जाईल हो!" ती रडवेली होऊन म्हणाली.

डॉक्टरांनी तिला तपासले आणि ओरडले मात्र माझ्यावर. "गुरुजी, सगळी चरबी शत्रू नसते! काही मेदाम्लं शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. त्वचा, मेंदू, हृदय, सगळ्यांना लागतात ती. शेंगदाणा, तीळ, करडई यांतून एक प्रकार मिळतो. दुसरा मासळीत, अक्रोडात, जवसात. मासळी तुम्ही खाणार नाही. मग जवस खा की! पोरीला वाळवून ठेवलंत!"

जवस म्हणजेच अळशी, आपल्या ग्रंथांतली अतसी! माझ्यातला पंडित जागा झाला. चिमूटभर बियांनी काय व्हायचे? मी तेलच आणायचे ठरवले आणि थेट उल्हासनगरचा बाजार गाठला. एका सिंधी दुकानदाराकडे अळशीच्या तेलाचे डबे रचलेले दिसले. (शेजारी खिळे, बिजागऱ्या आणि ब्रशही होते. त्यांचा अर्थ मला लावता आला नाही.)

"साईं, दरवाजे के लिए चाहिए?"

"नाही हो, लडकी की शादी है."

"अरे वा! फिर तो डबल बॉईल ले जाओ. ऐसी चमक आयेगी, बाराती देखते रहेंगे!"

दोनदा उकळलेले म्हणजे अधिकच शुद्ध! आणि कांती तर मला हवीच होती. मी प्रसन्न मुद्रेने डबा घेऊन परतलो.

आता आमच्या घरचा नियम असा, की नवी वस्तू आधी देवाला आणि मग मुखात. दुसऱ्या दिवशी प्रातःकाळी मी सर्व देव ताम्हनात घेतले. त्यांत माझ्या दिवंगत आईने नातीसाठी ठेवलेली पितळी अन्नपूर्णाही होती. गौरीहर पुजताना वसुधेपुढे तीच असायची आणि तिच्याबरोबर तीच सासरी जायची होती. मी मंत्रोच्चारासह सर्वांना सढळ हस्ते तेलाचे अभ्यंग घातले. ऊन पाण्याचा तांब्या उचलला, तोच शेजारचे कांबळे दारात आले. मजल्यावर फोन त्यांच्याकडेच होता.

"गुरुजी, अभिनंदन! बदलापूरहून फोन होता, तुमच्या पुतण्याला मुलगा झाला!"

आनंद झाला. आणि सोयरही आले! दहा दिवस देवांना स्पर्श नाही. तांब्या खाली ठेवला आणि तेलात बसलेल्या देवांना नमस्कार करून देव्हाऱ्याचे दार लोटले. पूजा अपुरी राहिली, नैवेद्य झाला नाही, म्हणून डबाही बंदच ठेवला.

अकराव्या दिवशी दार उघडले. सारे देव सोनेरी झळकत होते! मी गहिवरलो. भक्तिभावाने अन्नपूर्णेला उचलू गेलो, तर ताम्हनच वर आले. बाळकृष्ण, गणपती, सगळे मंडळ त्याबरोबर वर!

"अगं, हे बघ!"

"अहो, हे काय करून ठेवलंत? तीन आठवड्यांवर लग्न! गौरीहराला वसू अख्खं ताम्हन पुजणार का? आणि सासरी काय नेणार? तुमचे सगळे देव?"

ऊन पाणी झाले, चिंच झाली, राख झाली. देवी हलेना. शेवटी कांबळ्यांना बोलावले. ते आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. त्यांनी वाकून वास घेतला.

"गुरुजी, हे तर लाकडाला लावायचं तेल! हवा लागली की याच्यावर कडक साय धरते. गंमत बघा, जे मेदाम्ल तुमच्या पोटाला हवं, तेच हवेत असं घट्ट बसतं. पण हे प्यायचं नाही हं! लवकर वाळावं म्हणून यात धातूंचे क्षार घालतात."

पत्नीने डबा माझ्यापासून दूर सरकवला. "अहो, पोरीला हे पाजणार होतात!"

कांबळ्यांनी टर्पेंटाइन आणि मऊ कापड आणले, पण हात पुढे करता करता थांबले. "मी हात लावला तर चालेल ना?"

"माझ्या हातानं काय झालं ते पाहिलंत ना? आता तुमचाच लावा."

"मी देव मानत नाही, गुरुजी," ते हसून म्हणाले, "पण पॉलिश मानतो."

दोन तासांनी अन्नपूर्णा सुटी झाली. मी तिला कपाळी लावले. वसुधा हसत होती, आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की तिच्या गालांवरचे पापुद्रे कमी झाले आहेत.

"हे कसं गं?"

"डॉक्टर ओरडले त्याच दिवशी मी वाण्याकडून जवस आणलं," पत्नी म्हणाली. "भाजून, कुटून चटणी केली, वर शेंगदाण्याचं तेल. रोज वाढतेय दहा दिवस. तुम्हीही दोनदा मागून घेतलीत!"

"सोयरात? नैवेद्याशिवाय?"

"सोयर तुमच्या पूजेला होतं. माझ्या खलबत्त्याला नव्हतं!"

लग्नात वसुधा गौरीहरापाशी बसली तेव्हा तिचे मुख नितळ होते आणि समोर अन्नपूर्णा लखलखत होती. विहीणबाईंनी कौतुकाने विचारले, "किती तेज आहे हो देवीवर! काय लावता?" मी अतसीची महती सांगण्यास मुख उघडले, तोच वसुधा घाईने म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त आशीर्वाद द्या!"

तेव्हापासून आमच्या घरात माझ्या हातची एकच वस्तू न तपासता घेतली जाते, ती म्हणजे आशीर्वाद. तोही कोरडाच द्यावा, अशी पत्नीची सक्त ताकीद आहे!