दुसऱ्यांदा काढलेलं रक्त

माझ्या मुलीला न्यूमोनिया झाला तेव्हा ती पहिलीत होती. आखाडात भावाच्या मुलाचं बारसं होतं म्हणून आम्ही दोघी माझ्या माहेरी गेलो होतो. माहेर खुलताबादच्या पुढं, डोंगराच्या कडेला. दोन दिवस राहून शहरात, गारखेड्याला परत आलो आणि त्याच संध्याकाळी तिला ताप भरला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि तिथंच निकाल दिला.

"तिकडचं पाणी बाधलं. मी म्हणलं व्हतं, हिरीचं पाणी पाजू नको पोरीला."

आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, तेही गढूळ. माझ्या माहेरच्या विहिरीचा तळ दिसतो. पण हे मी बोलले नाही. समोर माणूस असलं की माझे शब्द गळ्यातच राहतात, लहानपणापासून तसंच आहे. चौथीत बाईंनी उभं केलं तर येत असलेली कविताही म्हणता आली नव्हती. लिहिताना समोर कोणी नसतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली. ती संपत आली तरी ताप उतरेना. खोकला कोरडा, थांबायचाच नाही. मग एका सकाळी श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. हे कंपनीतून आले ते कपडेही न बदलता आम्हाला क्रांती चौकाकडच्या मुलांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. फोटोत छातीच्या खालच्या बाजूला पांढरा डाग होता. आधीचं औषध लागू पडलं नाही म्हणजे जंतू वेगळा असेल, असं त्या म्हणाल्या. त्यांनी औषध बदललं आणि अँटीबॉडीसाठी रक्त काढायला सांगितलं. मुलीनं असा टाहो फोडला की बाकावरच्या बायका उठून बघायला आल्या. तिला धरायला हे आणि मी दोघंही कमी पडलो.

रिपोर्ट आला तेव्हा ह्यांची शिफ्ट होती, मी एकटीच होते. बाई म्हणाल्या, "थोडंसं दिसतंय. पण एकदा बघून पक्कं सांगता येत नाही. जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला काहीतरी तयार करतं, तेच आपण रक्तात मोजतो. ते मागच्या एखाद्या आजारातलंही असू शकतं. तीन आठवड्यांनी परत रक्त बघू. वाढलेलं असलं तर हाच जंतू होता."

"मग औषध?"

"औषध चालूच आहे, त्यासाठी थांबायचं नसतं. कुठं बाहेरगावी गेला होता का?"

मी सांगितलं. माहेर, दोन दिवस, परत आलो त्याच संध्याकाळी ताप. त्यांनी मान हलवली.

"हा जंतू असेल तर तिथं नाही लागलेला. हा फार हळू चालतो. शिरल्यावर ताप यायला दोन-तीन आठवडे लागतात."

रिक्षात बसल्यावर हे वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते. कारण घरी ठरून गेलं होतं. मुलीच्या तापाच्या तिसऱ्याच दिवशी आत्याबाई ह्यांना म्हणाल्या होत्या, "आता हिला तिकडं धाडायची नाय. पंचमीलाबी नाय." आणि हे म्हणाले होते, "बरं."

आमच्याकडं पंचमीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. वर्षात तेवढं एक बोलावणं असं असतं की सासरी सहसा कोणी नाही म्हणत नाही. माझी आई गुडघ्यांनी अधू झाली आहे, तिला शहरात येणं होत नाही. नात तिला पंचमीलाच चार दिवस भेटते. मागच्या वर्षी तिनं बसल्या जागेवरून दोरी ओढून नातीला झोका दिला होता.

मुलगी हळूहळू बरी झाली. हे म्हणाले, "चांगली खेळतीय, आता कशाला टोचायचं?" मी म्हणाले, "बाईंनी सांगितलंय." एवढंच, पण रोज म्हणाले. मला ते रक्त हवं होतं. कोणाचं काही काढायचं म्हणून नाही. आत्याबाईंना शाळा उघडली त्या सुमारापासून कोरडा खोकला होता, आणि पोरगी त्यांच्याच कुशीत झोपायची. हे मला माहीत होतं. तरी मला त्यांच्याकडं बोट दाखवायचं नव्हतं. माझ्या माहेरावर रोखलेलं बोट खाली यावं, एवढंच हवं होतं.

दुसऱ्या वेळी आत्याबाई स्वतः आमच्याबरोबर आल्या. "तुला एकटीला नाय आवरायची ती," म्हणाल्या. आणि खरंच, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, पदरात तोंड झाकलं आणि सुई आत गेली तरी तिला मांजराच्या लग्नाची गोष्ट सांगत राहिल्या. तिच्यापेक्षा त्यांचेच डोळे जास्त भरले. रिपोर्ट घ्यायलाही त्या आल्या. मला बरं वाटलं. माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी बाईंच्याच तोंडून ऐकावं.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"चांगलंच वाढलंय. म्हणजे तोच जंतू होता. आता ही बरी आहे, काळजी नको. गावाला जायच्या आधीच लागलेला असणार. घरात कोणाला बरेच दिवस खोकला होता का?"

"नाय, कोनालाच नाय," आत्याबाई म्हणाल्या.

मी टेबलाच्या काचेखालचं बाळाचं चित्र बघत होते. मुलगी आत्याबाईंच्या मांडीवर होती. ती मान वळवून म्हणाली, "आजे, तूच खोकत होती की. मी तुला ओव्याची पुरचुंडी आणून देत होते."

बाई हसल्या. "हो का आजी? मग तुम्हीही छाती तपासून घ्या एकदा. मोठ्यांना हे अंगावर निघून जातं, लहानांना बाधतं."

आत्याबाईंनी मुलीला मांडीवरून खाली उतरवलं. रिक्षा चालू झाल्यावर म्हणाल्या, "पोरीला शिकवून आनलंस व्हय?"

"नाही आत्याबाई."

"मुकी म्हणायचे लोक तुला. लई हुशार निघालीस. सोता बोलायचं नाय, लेकराच्या तोंडून बोलायचं."

संध्याकाळी हे आले तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं गेलं. "डॉक्टरनीसमोर माझी लाज काढली हिनं. म्हणं म्या पोरीला रोग दिला. ज्या पोरीला म्या न्हाऊ-माखू घातलं, तिला." बोलताना त्यांना खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी पदर तोंडात कोंबून दाबली. हे माझ्याकडं बघून म्हणाले, "काय गरज होती त्या टेस्टची? मी नको म्हणलो होतो ना?" कागद मी ह्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उचललाही नाही.

आत्याबाईंना ते ऐकून सहन झालं नसेल, हे मला समजतं. ज्या नातीवर जीव टाकला तिला आपल्यामुळं झालं, हे कोणाला सहन होईल? पण माझ्या आईमुळं झालं, हे मी महिनाभर जेवताना, भांडी घासताना ऐकत होते. ते मला सहन होतंय का, असं कोणी विचारलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ मुऱ्हाळी आला. आईनं लाह्या आणि नातीसाठी हिरव्या बांगड्या पाठवल्या होत्या. मी चहा टाकला. आतून सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, उद्या पंचमी. ताईला अन् पोरीला न्यायला आलोय."

"बहिणीला ने की. नाय कोन म्हणतंय? पोरगी नाय यायची."

"आता बरी झाली ना ती?"

"बरी? आरं, दोनदा रक्त काढलं डॉक्टरनीनं तिचं. दोनदा! साध्या आजाराला कोन दोनदा काढतं? लई नाजूक झालीय. तिला परक्या ठिकाणी कशी धाडू?"

कप घेऊन मी बाहेर आले. त्या रक्तासाठी मी किती दिवस ह्यांच्या मागं लागले होते. आता तेच रक्त माझ्या दारात आडवं घातलं होतं.

भावानं ह्यांच्याकडं बघितलं. हे मोबाइल बघत होते. मग तो माझ्याकडं वळला. "ताई, तू तरी चल. आई वाट बघतीय."

मुलीला सोडून मी गेले असते तर आत्याबाईंना सांगायला आणखी एक गोष्ट झाली असती. मी नकारार्थी मान हलवली. त्यानं चहा घेतला, भाचीच्या हातात बांगड्या भरल्या आणि शेवटची बस चुकायला नको म्हणून लवकर निघाला.

मुलगी हात नाचवत आत्याबाईंकडं पळाली. "आजे, बघ, आज्जीनं पाठवल्यात." आत्याबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, मुके घेतले आणि तिला पोटाशी ओढून घेतलं. मग त्या खोकल्या. मी उठून पाणी नेऊन दिलं.