कुंदाताईंचं भेव

एका शेतातली माती दुसऱ्यात जाऊ नये म्हणून शेतात शिरण्याआधी कुंदाताई दोन्ही पायांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या आणि वरून रबरबँड लावायच्या. शेतकरी गमछा तोंडावर धरून हसायचे. मीही हसायचे. "काहून हसून राहिली गं? बुरशीला आपलं भेव नाही, म्हणून आपल्याला तिचं पाहिजे," असं त्या म्हणायच्या.

ताई आता नाहीत. त्या मुळातच भित्र्या. पालीला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, साहेबांचा फोन आला की उभ्या राहायच्या. पण ज्या प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली होते, तिथलं भय निराळंच होतं. ठिकठिकाणच्या शेतांतून स्ट्रॉबेरीची सुकलेली रोपं आणायची, त्यांतली बुरशी काचेच्या बशीत वाढवायची आणि निरोगी रोपांना टोचून बघायची, हे आमचं काम. "नाव एकच गं, पण स्वभाव घराघराचा वेगळा," त्या म्हणत. एखादी पानावर डाग पाडून गप्प बसायची, एखादी बुंध्यात शिरून रोपच मारायची. सगळ्यांत मारकीचं नाव त्यांनी 'थोरली' ठेवलं होतं. तिची बशी उचलताना त्या श्वास रोखून धरायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ विनू खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला. ताईंच्या शब्दावर त्यानं महाराजपूरजवळ स्ट्रॉबेरी लावली, जमवलेलं सगळं तिच्यात घातलं. ताई दर रविवारी तिथं जायच्या, आणि तिथं मात्र पिशव्या घालायच्या नाहीत. "माहेरी कोणी पाय झाकून जाते का?"

थंडीत विनूची रोपं माना टाकू लागली. ताईंनी एक बुंधा चिरला. आत तांबूस तपकिरी. त्यांनी आपल्या पायांकडं पाहिलं.

"विनू, थोरली माझ्याच पायानं तर नाही आली?"

"दीदी, काहीही बोलून राहिली तू. अच्छा, दवा सांग."

ताई चिरलेला बुंधा पिशवीत भरू लागल्या.

विनूकडची बुरशी आम्ही डीएनए तपासणीला लावली, आणि थोरलीच्या शेजारीच निरोगी रोपांना टोचली. त्या दिवसांत ताई डबा उघडत नसत, सारखे हात धूत. निकाल थोरलीचा निघाला तर या बाईचं काय होईल, याची मला धास्ती बसली होती.

निकाल आला. दोघींच्या डीएनएच्या पट्ट्या जुळत नव्हत्या. विनूकडं लावायची राहून गेलेली, गावोगावी रोपं विकणाऱ्या नर्सरीच्या पिशव्यांतलीच काही रोपं होती, त्यांत मात्र हीच बुरशी सापडली. मी धावतच गेले. "ताई, तुमची नाही! नर्सरीतूनच आली ती!"

त्या हसल्या नाहीत. टोचलेल्या रोपांसमोर उभ्या होत्या. थोरलीची रोपं अजून तग धरून होती. विनूकडच्या बुरशीची सगळी आडवी झाली होती.

"माझ्याकडून गेली असती तर बरं होतं गं," त्या म्हणाल्या. "कुठं कुठं गेली, ते तरी मला ठाऊक असतं."